सातव्या श्वासानंतर

१

पितळ सकाळी गार असतं. ट्रॉम्बोन खोक्यातून काढला की लगेच वाजवायचा नाही. नुसती फुंकर घालत बसायचं, पाच-सात मिनिटं, आवाज न करता. नळीत ऊब पोचली की मग सूर जागेवर येतो. पस्तीस वर्षं मी रोज सकाळी चहाच्या आधी हे करतो, आणि शेजाऱ्यांची पक्की समजूत आहे की मला दमा आहे.

ही शिस्त मला दादानं लावली, माझ्या थोरल्या भावानं. तो खरा वादक. मोठ्या वाद्यवृंदात तिसऱ्या रांगेत बसायचा. मला त्यानंच शिकवलं, आणि शिकवताना त्याच्या डोक्याला सगळ्यात जास्त ताप झाला तो पाण्याचा. वाजवता वाजवता नळीत श्वासाचं पाणी साचतं. खालच्या वळणाशी एक बारीक चावी असते, ती दाबली की पाणी निघून जातं. मला त्याचा कंटाळा. सूर गुळगुळायला लागला की दादा बोटातल्या अंगठीनं नोटेशनच्या स्टँडवर तीनदा ठोकायचा. म्हणजे, पाणी काढ. तोंडानं कधी बोलला नाही. वाद्यवृंदात बोलायची सोय नसते, ती सवय त्याला घरातही होती.

माझं गाडं पुढे सुरांवरून घसरून आवाजांवर गेलं. श्रुतिका तयार करणाऱ्या एका स्टुडिओत मी आवाज काढतो. करकरणारं दार, धक्क्याला लागणारं जहाज, घोरणारा सासरा, हट्टाला पेटलेलं पोर, सगळं त्या एका ट्रॉम्बोनमधून. मोरी तुंबली की वापरतात ती रबरी वाटी त्याच्या तोंडाशी धरायची, कमीजास्त झाकायची, झालं. माझी म्हैस इतकी खरी निघाली होती की पहारेकऱ्यानं काठी घेऊन आवारात फेरी मारली. दादा या सगळ्याला माकडचेष्टा म्हणायचा, पण दर रविवारी अकरा वाजता रेडिओ लावून बसायचा आणि वहिनीला सांगायचा, "हे दार ऐकलंस? आपला धाकटा आहे."

दादाला जाऊन सहा आठवडे झाले होते. त्याचा ट्रॉम्बोन वहिनीनं मला दिला होता. "घरात ठेवून काय करू, भाऊजी? तुमच्या तोंडी तरी लागेल," म्हणाली. माझ्या ट्रॉम्बोनपेक्षा त्याची नळी रुंद, आवाज खोल. मी तो घेतला आणि तिच्याकडे न बघता निघालो. तिला मी एक गोष्ट खोटी सांगितली होती आणि ती बिचारी दर भेटीत तीच पुन्हा विचारायची.

"झोपेतच गेले ना? शांत होते ना?"

"हो वहिनी. त्याला कळलंसुद्धा नाही."

त्या बुधवारी सकाळी मी दादाच्या ट्रॉम्बोनचं खोकं उघडलं, मोठं तोंड आणि सरकती नळी, म्हणजे स्लाइड, असे दोन्ही भाग जोडले, माउथपीस ओठांना लावला आणि थांबलो. माउथपीस गरम होता. नळीवरून हात फिरवला. वरचा भाग कोमट, खालचा गार. कुणीतरी नुकतीच पाच मिनिटं फुंकर घालून ठेवला तर असा असतो. घरात मी एकटा राहतो. खोकं पलंगाखाली होतं, तिथे ऊन येत नाही. माझेच हात गार असतील, अंगात कणकण असेल, म्हणून थर्मामीटर लावून बसलो. ताप नव्हता. रेकॉर्डिंगला उशीर होत होता, म्हणून तो विषय तिथेच टाकला आणि तोच ट्रॉम्बोन घेऊन निघालो.

२

रेकॉर्डिंग होतं एका म्हाताऱ्याच्या मरणाचं. संहितेत एकच ओळ होती: तो शेवटचे काही श्वास घेतो. आमच्या दिग्दर्शिका बाईंना तयार साठ्यातला एकही आवाज पसंत नव्हता. नट मंडळींना मरायला लावून पाहिलं होतं. "हा खोकतोय. हा मरत नाहीये," असं म्हणून बाईंनी तिघांना परत पाठवलं. मग तो प्रसंग माझ्या गळ्यात पडला. मधे दादाचं झालं, म्हणून तारीख पुढे ढकलली. बाईंनी फोनवर फार हळुवारपणे विचारलं होतं, "जमेल ना तुम्हाला? विषय असा आहे." मी म्हटलं, जमेल.

मला आधीच जमलेलं होतं. ओठ थरथरवायचे नाहीत, नुसती हवा सोडायची. बाहेरचा श्वास फुंकून, आतला ओढून. रबरी वाटी अर्धी लावायची. आणि नळीतलं पाणी काढायचं नाही. आठवडाभराचं पाणी तसंच ठेवायचं, म्हणजे हवा त्यातून जाते तेव्हा ती घरघर येते. दुसरं कुठलंही वाद्य हे करू शकत नाही.

मी अकरा श्वास वाजवले आणि थांबलो.

काचेपलीकडे बाईंनी चष्मा काढून पुसला. आमच्या रेकॉर्डिस्टला सगळे कानसेन म्हणतात. तो कौतुक करणाऱ्यांतला नाही, म्हैस ऐकूनसुद्धा त्यानं फक्त जांभई दिली होती. तो आत येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला.

"कुठून आणलंस रे हे?"

"सराव केला," मी म्हटलं. कानशिलं तापली. लाज वाटली की माझी कानशिलं तापतात. पण त्याला वाटलं मी खूश झालो.

मग आम्ही ते पुन्हा ऐकलं. पाच, सहा, सात. आणि सातव्या श्वासानंतर टक, टक, टक.

"हे कशावर मारलंस?" कानसेननं विचारलं.

"मी नाही. स्लाइडचा जोड सैल असेल."

पुन्हा वाजवलं. वाजवताना मी कान टवकारून होतो. खोलीत काहीही ठोकलं गेलं नाही, हे मी शपथेवर सांगेन. काचेपलीकडे ऐकलं तर सातव्यानंतर तीन ठोके. तिसऱ्यांदाही तेच. कानसेननं बाकी सगळं बंद करून तेवढेच ठोके चारदा ऐकले.

"हे पितळ नाही," तो म्हणाला. "लोखंडी पाइप आहे. त्यावर काहीतरी बारीक आणि घट्ट. अंगठी वगैरे." त्यानं माझ्या हातांकडे पाहिलं. माझ्या बोटात अंगठी नाही, कधीच नव्हती.

"ते राहू दे," बाई म्हणाल्या. "त्यानंच तर जीव आला. तो कुणाला तरी बोलावतोय असं वाटतं."

तेव्हा मी म्हणायला हवं होतं की हे वापरू नका. शब्द तोंडाशी आले होते. पण बाईंनी चष्मा पुसला होता, कानसेननं खांद्यावर हात ठेवला होता, आणि पस्तीस वर्षांत मी इतकं चांगलं काही केलं नव्हतं.

३

आता खरं काय ते सांगतो.

दादाच्या फुफ्फुसांत पाणी भरत होतं. वहिनी नऊ दिवस त्याच्या पलंगापासून हलली नव्हती. दहाव्या दिवशी दुपारी मीच तिला बळंबळं घरी पाठवलं. "आंघोळ कर, दोन घास खा, डोळा लागला तर झोप. मी आहे ना," असं म्हणालो. मी आहे ना, हे शब्द मी तीनदा म्हणालो असेन. सिस्टर येऊन बजावून गेली होती, "घरघर सुरू झाली की लगेच बेल दाबायची. मी नळीनं ओढून घेते, मग त्यांना बरं पडतं." बेलचं बटण पलंगाच्या कठड्याला वायरनं लटकत होतं, माझ्याच बाजूला.

सव्वातीनला घरघर सुरू झाली.

माझा हात बेलकडे गेला, हेही खरं आहे. आणि वाटेत थांबला. तीन आठवडे मी जो आवाज शोधत होतो, ज्यासाठी घरी गाल दुखेपर्यंत फुंकत होतो, तो समोर होता. आतला श्वास छोटा, बाहेरचा लांब आणि मधे ती पाण्यातली गाठ. म्हटलं, एकच नीट ऐकतो. मग म्हटलं, अजून एक. माझा उजवा हात मांडीवर स्लाइड सरकवल्यासारखा पुढेमागे होत होता, तो मी पाहिला आणि थांबवला नाही.

सातव्या श्वासानंतर दादानं डोळे उघडले. तोंडावर मास्क होता. त्यानं हात कठड्याशी नेला आणि अंगठीनं तीनदा ठोकलं.

मला अर्थ कळला नाही असं मी म्हणू शकत नाही. जगात दोनच माणसांना तो पटकन कळला असता आणि त्यातला एक मी होतो. पण सातव्यानंतर आवाजात काहीतरी नवीन आलं होतं, शेवटाला एक फडफड, आणि ती मला पुरती पकडता आली नव्हती. मी आठवा ऐकला. नववा, दहावा, अकरावा ऐकला. माझ्याकडे बघत होता तो. मग मी बेल दाबली. सिस्टर धावत आली, पण बारावा झालाच नाही.

डॉक्टर म्हणाले, आज नाहीतर उद्या हे होणारच होतं. हे वाक्य मी तेव्हापासून खिशात घेऊन फिरतो. त्याचा काही उपयोग होत नाही.

४

शुक्रवारी मी ट्रॉम्बोन दुरुस्तीवाल्याकडे नेला. जोड सैल असणार, गरम-गार होताना धातू टकटकतो, यात विशेष काही नाही, हे मला त्याच्या तोंडून ऐकायचं होतं. हा म्हातारा गेली चाळीस वर्षं पोचे काढतोय आणि माणसांपेक्षा वाद्यांशी जास्त बरं बोलतो. त्यानं जोड तपासले, स्लाइड सोडवून डोळ्यासमोर धरली, कानाशी नेली.

"जोड ठणठणीत आहेत. तुमच्या भावानं पोरासारखा जपलाय. पण तुम्ही पाणी काढत नाही का हो?"

"काढलं की. बुधवारी, रेकॉर्डिंग झाल्या झाल्या."

आणि ते खरं होतं. ठोके ऐकल्यावर मी स्टुडिओच्या बेसिनपाशी उभा राहून चावी दाबली होती, शेवटचा थेंब पडेपर्यंत. त्यानंतर वाद्याला तोंड लावलं नव्हतं.

म्हाताऱ्यानं खाली पेला धरून चावी दाबली. पाणी यायला लागलं. या नळीत फार तर दोन-तीन चमचे पाणी साचतं. पेला भरत आला तशी त्यानं चावी सोडली आणि पेला उजेडाकडे धरला. पाणी किंचित गढूळ होतं, वर फेस होता. आत अजून गुळगुळत होतं.

"दुसरं कोण वाजवतं हा?"

"कुणी नाही. मीच."

"मग फार वाजवता," तो म्हणाला आणि पेला माझ्यासमोर ठेवून हात धुवायला गेला. बराच वेळ धूत होता. पैसे त्यानं घेतले नाहीत आणि मी निघताना दारापर्यंत आला नाही, एरवी येतो.

नळ्यांत दमटपणा धरतो, धुतल्याचं पाणी अडकून राहतं, असं मी घरी येईपर्यंत स्वतःला समजावलं. पेलाभर कसं अडकेल, हे मात्र समजावता आलं नाही. त्या दिवसापासून खोकं मी पलंगाखालून काढून बाहेरच्या खोलीत ठेवलं. दुपारी पेपर वाचताना कधीकधी वाटायचं, खोलीत कुणी झोपलंय. पान उलटायचं थांबलं की तो श्वासाचा आवाज थांबायचा.

५

प्रसारण दोन आठवड्यांनी, रविवारी अकराला होतं. शनिवारी मी वहिनीला फोन केला आणि सांगितलं, "उद्याच्या श्रुतिकेत मी नाहीये गं. नाही ऐकलीस तरी चालेल." बाईंना फोन करून तो प्रसंग काढायला लावणं जास्त सोपं होतं. नंबरसुद्धा काढला होता. पण लावला तो वहिनीचा.

रविवारी साडेबाराला तिचा फोन आला.

"भाऊजी, ट्रॉम्बोन घेऊन या." एवढंच म्हणाली.

मी गेलो तेव्हा रेडिओ बंद होता, पण तिची खुर्ची त्याच्यासमोरच होती. तिनं बसा म्हटलं नाही. मी खोकं आतल्या खोलीत, दादाच्या कॉटवर ठेवलं आणि बाहेर येऊन स्टुलावर टेकलो.

"तुम्ही नाही म्हणालात, तरी लावला होता मी," ती म्हणाली. "रविवार आहे. घरात आवाज नको का काही?" मग थोडी थांबली. "ते ठोकणं ह्यांचं आहे."

"वहिनी, तो तांत्रिक काहीतरी..."

"नऊ दिवस ऐकलंय मी. तीनदा वाजलं की मी बेल दाबायचे. सिस्टर यायची, पाणी ओढायची, मग ह्यांचा चेहरा असा मोकळा व्हायचा." तिनं स्वतःच्या चेहऱ्यावरून हात फिरवला. "ते झोपेत नव्हते."

"नाही."

"ठोकलं त्यांनी."

"हो."

"आणि तुम्ही?"

मी जमिनीकडे पाहत होतो. फरशीला एक बारीक तडा होता, तो कॉटच्या खोलीपर्यंत गेला होता. खोटं बोलायला आता जागाच उरली नव्हती.

"दाबली मी बेल. जरा उशिरा."

"किती उशिरा?"

"सगळे मिळून अकरा."

"अकरा मिनिटं?"

"अकरा श्वास."

मी वर पाहिलं तेव्हा ती रडत नव्हती. ती मला नीट बघत होती, अनोळखी माणूस घरात आला तर बघतात तसं.

"मोजलेत तुम्ही," ती म्हणाली.

मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते मला त्या स्टुलावर कळलं. मला तिचे पाय धरायचे होते. माझी क्षमा मागायची लायकी नाही, तू काहीही शिक्षा दे, असं म्हणायचं होतं. मी म्हणालोही तसंच काहीतरी, तुटकतुटक, आणि तिनं ऐकून घेतलं.

"मला काही नको," ती शेवटी म्हणाली. "आज ऐकताना सारखं एकच वाटत होतं, कुणीतरी ह्यांचं पाणी काढा. आत जा, त्यातलं पाणी काढा सगळं. मग तो तिथेच ठेवा आणि जा. तेवढं करा माझ्यासाठी. कराल?"

"करतो," मी म्हटलं. मनापासून म्हटलं. छातीवरचा धोंडा जरा हलल्यासारखा वाटला. इतकी साधी गोष्ट तिनं मागितली होती, आणि ती माझ्या हातात होती.

६

आतल्या खोलीत पडदा ओढलेला होता, पण दुपार होती, सगळं स्वच्छ दिसत होतं. कॉट, कॉटवर खोकं, खिडकीत दादाच्या औषधांचा रिकामा ट्रे. मी दार लोटून घेतलं, तिला पाणी पडल्याचं ऐकू येऊ नये म्हणून. मोरी कोपऱ्यातच होती.

खोक्याच्या खटक्यांना हात लावण्याआधीच मला आतून घरघर ऐकू आली.

झाकण उघडलं. खोक्यात ट्रॉम्बोन दोन तुकड्यांत असतो. मोठं तोंड एका खाचेत, स्लाइड दुसऱ्या खाचेत, कडी लावलेली. त्याच्यातून आवाज यायला काही मार्गच नसतो. कडी मी स्वतः लावली होती आणि ती अजून लागलेली होती. तरीही स्लाइड सरकत होती. दोन बोटं बाहेर, थांबून आत. छोटा, मग लांब. माउथपीसच्या कडेला वाफ धरत होती आणि विरत होती.

मी गुडघ्यांवर बसलो. चावी माझ्या हातापासून वीतभर होती. अंगठ्यानं दाबायची, बस. मी तिथे पाणी काढायलाच आलो होतो, शब्द देऊन आलो होतो, आणि दारापलीकडे वहिनी माझ्या कामाचा आवाज ऐकायला उभी असणार हेही मला माहीत होतं. हात पुढे गेलासुद्धा.

टक, टक, टक. खोक्याला लोखंडाचा एकही तुकडा नाही.

त्यानंतरच्या श्वासात ती फडफड होती. शेवटाला, अगदी पुसट, ओला कागद सुटावा तशी. स्टुडिओत मला ती जमली नव्हती. बाईंना कळलं नाही, कानसेनलाही कळलं नाही, पण मला माहीत होतं की तेवढी एक जागा खोटी आहे. इथे ती खरी होती. ती ओठांतून येत नव्हती, श्वास संपताना जीभ मागे पडते, तिथून येत होती. किती सोपं होतं. मी कान आणखी जवळ नेला. म्हटलं, एकच नीट ऐकतो.

मागे दार वाजलं की नाही, मला आठवत नाही. मान वळवली तेव्हा वहिनी उंबऱ्यात उभी होती. तिनं खोक्याकडे पाहिलंच नाही. ती माझ्या हाताकडे बघत होती. हातात माझा फोन होता, रेकॉर्डिंगचा लाल ठिपका चालू होता, आणि मनातल्या मनात मी नऊपर्यंत आलो होतो.